परदेशी सहकारी आणि आपला ‘हो’

तुम्ही मांडलेली परिस्थिती थोडक्यात अशी आहे. पवईच्या कार्यालयात तुमच्या हाताखाली आठ डिझाइन अभियंते असून त्यांचे सारे काम जर्मनीत श्टुटगार्टजवळ असलेल्या मूळ कंपनीसाठी चालते. दर मंगळवारच्या व्हिडिओ बैठकीत तिकडचे एक ज्येष्ठ अभियंते सर्वांसमोर चुका दाखवतात. मागच्या महिन्यात त्यांनी नोकरीचे दुसरेच वर्ष असलेल्या तुमच्या एका सहकारी मुलीला ‘हे गणित चुकले आहे, पहिल्यापासून करा’ असे सांगितले. ती बैठकीनंतर पँट्रीत जाऊन रडली आणि तेव्हापासून कॅमेरा बंद ठेवते. त्याच गृहस्थांनी ‘तुमची माणसे हो म्हणतात आणि करत नाहीत’ अशी लेखी तक्रार तुमच्या वरिष्ठांकडे केली आहे. भरीस भर म्हणून पुढच्या तिमाहीपासून एक जपानी ग्राहक येतो आहे. या लोकांशी कसे जुळवून घ्यावे आणि त्या मुलीला या कामातून काढून दुसरे काम द्यावे का, असे तुम्ही विचारले आहे.

मी २६ वर्षे औद्योगिक व्हॉल्व्ह निर्यात करणाऱ्या कंपन्यांमध्ये प्रकल्प समन्वयाचे काम करते आहे. आधी अंधेरीच्या एमआयडीसीत आणि आता वांद्रे-कुर्ला संकुलात. जर्मन, जपानी आणि आखाती सहकाऱ्यांशी या काळात रोजचा संबंध आला. त्या अनुभवावरून सांगते, की ज्या दोन तक्रारी तुम्ही वेगवेगळ्या म्हणून मांडल्या आहेत त्यांचे मूळ एकच आहे. तुमच्या माणसांना ‘नाही’ ऐकण्याची भीती वाटते आणि म्हणूनच ‘नाही’ म्हणण्याचीही वाटते. ती भीती तशीच ठेवून जर्मन शिष्टाचाराचे कितीही वर्ग घेतले, तरी मंगळवारच्या बैठकीत फरक पडणार नाही.

एक प्रसंग सविस्तर सांगते. सुमारे १५ वर्षांपूर्वी एका जर्मन ग्राहकासाठी आम्ही मोठ्या व्हॉल्व्हच्या बॉडी करत होतो आणि त्यांचे कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, कोल्हापूरच्या एका फाउंड्रीतून, म्हणजे ओतशाळेतून, येत असे. पहिले दोन नग शुक्रवारच्या विमानाने निघतील का, असे ग्राहकाच्या अभियंत्याने फोनवर विचारले. आमचे सुपरवायझर, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणत असू, इंग्रजीत म्हणाले, ‘येस, येस. स्मॉल इश्यू इज देअर विथ कोअर, बट वी विल मॅनेज.’ मी त्यांच्या शेजारीच बसले होते आणि मला त्या वाक्याचा अर्थ लख्ख कळला: कोअर बॉक्स (ओतीव भागातली पोकळी घडवणाऱ्या कोअरचा साचा) दुरुस्तीला गेला आहे, शुक्रवार काही जमत नाही, पुढचा आठवडा धरून चला. जर्मन अभियंत्याने त्यातले ‘येस’ तेवढे घेतले, शुक्रवारची नोंद केली आणि तिकडे चाचणीची जागा राखून ठेवली. नग निघाले पुढच्या गुरुवारी. ‘आम्हाला खोटे सांगितले गेले,’ असे त्यांचे पत्र आले तेव्हा काकांच्या डोळ्यांत पाणी आले. ‘मी तर सांगितलंच होतं ना, इश्यू आहे म्हणून,’ असे ते पुन्हापुन्हा म्हणत होते, आणि त्यांच्या बाजूने ते शंभर टक्के खरे होते.

याचे जे स्पष्टीकरण सहसा दिले जाते ते तुम्ही ऐकले असेल. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९७०च्या दशकात मांडणी केली, की काही समाजांत बहुतेक अर्थ शब्दांतच सांगितला जातो आणि काही समाजांत तो नाते, प्रसंग आणि सूर यांवर सोडलेला असतो. जर्मनी पहिल्या गटात, जपान दुसऱ्या गटात आणि आपणही बरेचसे दुसऱ्याच. ही मांडणी उपयोगाची आहे, पण मला ती अपुरी वाटते, आणि त्याचे कारणही काकाच आहेत. जर्मनांना ‘येस’ म्हटले त्याच दिवशी दुपारी त्यांनी कोल्हापूरला फोन लावून फाउंड्रीच्या मालकाला सुनावले, ‘परवा माल गाडीत चढला नाही तर पुढची ऑर्डर विसरा.’ यात कुठे आडवळण होते? मराठी माणूस रोखठोक बोलण्यासाठी ओळखला जातो, आणि आपल्याला त्याचा थोडा अभिमानही असतो. तरीही तो माणूस जर्मनांपुढे इतका मऊ बोलला, कारण फाउंड्रीवाला त्यांच्या खालच्या पायरीवर होता आणि ग्राहक वरच्या. शिवाय त्यांनी फोनवर ‘नाही’ म्हटले असते तर आमच्याच संचालकांनी फोन संपताच त्यांना सर्वांसमोर विचारले असते, ‘तुम्हाला नाही म्हणायला कोणी सांगितलं होतं?’ त्या घडीला ‘हो’ म्हणण्याला काहीच पैसे पडत नव्हते. ‘नाही’ मात्र फार महाग होते.

ही सौम्य भाषा किती महागात पडू शकते याचे एक सर्वज्ञात उदाहरण आहे. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाहून न्यूयॉर्कला निघालेले आविआंका कंपनीचे ५२ क्रमांकाचे विमान खराब हवामानामुळे बराच वेळ आकाशात थांबवून ठेवण्यात आले. इंधन संपत आल्याचे वैमानिकांनी नियंत्रण कक्षाला सांगितले आणि ‘प्राधान्य’ मागितले, पण ‘आणीबाणी’ हा ठरलेला शब्द उच्चारला नाही. नियंत्रकांनी त्याचा अर्थ नेहमीची विनंती असाच घेतला. विमान लाँग आयलंडवर कोसळले आणि १५८ पैकी ७३ जण दगावले. आपल्या कामात कोणाचा जीव सहसा जात नाही, पण ‘थोडा इश्यू आहे’ हे वाक्य त्याच जातकुळीतले आहे.

म्हणून सुरुवात तुमच्या स्वतःपासून करा. तुमच्या चमूतील कोणी ‘हे शुक्रवारी होणार नाही’ असे म्हटल्यावर पुढच्या अर्ध्या मिनिटात तुम्ही काय करता, याकडे आठवडाभर बारकाईने लक्ष द्या. ‘का होणार नाही?’ हा पहिला प्रश्न असेल तर तो कितीही शांतपणे विचारला तरी ऐकणाऱ्याला जाब वाटतो आणि पुढच्या वेळी तो ‘बघतो’ म्हणतो. त्याऐवजी ‘मग कधी होईल आणि कशामुळे अडले आहे?’ असे विचारा. तारीख विचारतानाही ‘शुक्रवारी देता येईल का?’ असे कधीच विचारू नये, कारण या प्रश्नाचे सभ्य उत्तर आपल्याकडे एकच असते. मी असे विचारते: ‘शुक्रवारी द्यायचे असेल तर आज आपल्या हातात काय काय असायला हवे, आणि त्यातले काय नाही?’ या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर देताच येत नाही. कोअर बॉक्स दुरुस्तीला गेला आहे, ही माहिती त्यातून आपोआप बाहेर पडते आणि ती सांगणाऱ्याला आपण नकार दिला असेही वाटत नाही. हाच प्रश्न तुमच्या जर्मन सहकाऱ्यांनाही शिकवा. त्यांना तो आवडतो, कारण तो कामाला धरून असतो.

दुसरी गोष्ट, दोन्ही बाजूंनी मिळून एक शब्द ठरवा. आमच्याकडे तो ‘स्टक’ असा ठरला. ई-मेलच्या विषयात हा शब्द आला की त्याचा अर्थ तारीख धोक्यात आहे एवढाच घ्यायचा, चूक कोणाची हे त्या दिवशी विचारायचे नाही, आणि तो लिहिण्यासाठी कोणाची परवानगी लागणार नाही. ट्रेनीसुद्धा लिहू शकतो. टोयोटाच्या कारखान्यात कोणताही कामगार दोरी ओढून अडचण कळवू शकतो आणि गरज पडल्यास सारी लाइन थांबते, त्या पद्धतीवरून ही कल्पना सुचली. पहिले दोन महिने आमच्याकडून तो शब्द कोणीही लिहिला नाही. शेवटी मीच माझ्या एका उशिरा झालेल्या कागदपत्रासाठी तो लिहिला, संचालकांना प्रत पाठवली, आणि काहीही झाले नाही हे सगळ्यांनी पाहिले. त्यानंतर इतरांनी लिहायला सुरुवात केली. तुम्हालाही तो पहिल्यांदा स्वतःच लिहावा लागेल.

आता त्या जर्मन गृहस्थांविषयी. जर्मन भाषेत ‘झाखलिश’ असा शब्द आहे. माणूस बाजूला ठेवून केवळ विषयाला धरून बोलणे असा त्याचा अर्थ असून तिकडच्या कामाच्या जागी हा गुण मानला जातो. गणित चुकले असेल तर ते सर्वांसमोर सांगणे हा त्यांच्या लेखी अपमान नसतो. उलट चूक दिसूनही न सांगणे ही बेजबाबदारी ठरते. त्यातून श्टुटगार्टचा भाग म्हणजे श्वाबियन लोकांचा, आणि ‘रागावलो नाही म्हणजे पुरेसे कौतुक केले’ अशा अर्थाची म्हण त्यांच्याच बोलीत आहे. हे वाचून तुम्हाला आपले एखादे जुने गणिताचे मास्तर आठवले तर नवल नाही. पैकीच्या पैकी गुण मिळाले तरी ‘अक्षर सुधार’ एवढेच म्हणणारे. त्या मास्तरांचे मनाला का लागत नसे? ते आपले आहेत हे वर्गाला ठाऊक होते. तुमच्या मुलांनी या जर्मन गृहस्थांना पडद्यावरच्या चौकोनाबाहेर कधी पाहिलेलेच नाही.

त्यांना तुम्ही स्वतः फोन करा, ई-मेल नको. पुढच्या मंगळवारच्या आत करा. ‘तुम्ही आमच्या मुलीचा अपमान केला’ असे सांगितलेत तर ते गोंधळतील आणि बचावाचा पवित्रा घेतील. त्यांना हे सांगा, की चूक सर्वांसमोर सांगितल्यावर आमची माणसे पुढचे काही आठवडे अडचणी लपवतात, आणि त्यामुळे तुम्हाला चूक उशिरा कळते. हे कामाचे नुकसान आहे आणि ते त्यांना पटेल. मग मागणी नेमकी करा: नव्या अभियंत्यांच्या चुका आदल्या दिवशी लेखी कळवाव्यात, म्हणजे बैठकीत त्या दुरुस्त करूनच मांडता येतील. माझ्या अनुभवात याला नकार देणारा एकही जर्मन अभियंता भेटला नाही. त्यांना अशी नेमकी मागणी अपमानास्पद वाटत नाही, उलट हायसे वाटते.

भाषेचे काही खड्डे फार साधे असतात आणि तेच नेमके पाय मोडतात. आपण ‘आय हॅव अ डाउट’ म्हणतो तेव्हा आपल्याला फक्त एक शंका विचारायची असते. समोरच्याला वाटते की आपला त्याच्या कामावर विश्वास नाही. सरळ ‘क्वेश्चन’ म्हणा. जर्मन माणूस इंग्रजीत ‘इव्हेंच्युअली’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात ‘एव्हेंटुएल’ हा जर्मन शब्द असू शकतो, ज्याचा अर्थ ‘कदाचित’ असा आहे, ‘शेवटी’ असा नव्हे. तो ‘अंटिल फ्रायडे’ म्हणाला तर बहुधा ‘शुक्रवारपर्यंत’ असे म्हणायचे असते, शुक्रवार धरून. वेळेचेही तसेच, ‘अर्धे तीन’ असे शब्द असलेली त्यांची वेळ म्हणजे आपले अडीच, साडेतीन नव्हेत. आपली मान डोलावण्याची पद्धत तर व्हिडिओवर कोणालाच कळत नाही, म्हणून होकार तोंडाने द्यावा, हेही मुलांना सांगून ठेवा.

आकड्यांचा खड्डा मात्र खोल आहे. जर्मनीत दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात आणि हजार वेगळे दाखवायला टिंब. आमच्या स्टोअरमध्ये एकदा ‘१.२५०’ गॅस्केटची मागणी आली आणि नवीन मुलाने सव्वा गॅस्केट म्हणजे काय असे विचारत ती दोन दिवस बाजूला ठेवली. हवे होते साडेबाराशे. त्याने विचारले म्हणून वाचलो. ड्रॉइंगवर १,२५० मिलिमीटर लिहिले असेल तर ते सव्वा मिलिमीटर असते, आणि तिथे कोणी विचारत बसत नाही, सरळ चुकीचे कापतो. आपले लाख-कोटी तर त्यांना मुळीच कळत नाहीत. सामाईक कागदपत्रांत एकच पद्धत पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि महिना नेहमी अक्षरांत लिहा, कारण ०३/०४ हा अमेरिकेत ४ मार्च असतो आणि आपल्याकडे ३ एप्रिल.

जपानी ग्राहकाबाबत तुम्हाला याच्या जवळपास उलट तयारी करावी लागेल, आणि इथे मी केलेली चूक सांगणे भाग आहे. योकोहामातील एका बैठकीत तिकडच्या ज्येष्ठ व्यवस्थापकांनी पुरवठ्याचा एक आकडा चुकीचा सांगितला. मी जर्मनांच्या तालमीत तयार झालेली. तिथल्या तिथे, त्यांच्या पाच कनिष्ठांसमोर, तो दुरुस्त केला. आकडा माझाच बरोबर होता. ते किंचित हसले, ‘हाइ’ म्हणाले, आणि पुढचे चार महिने आमच्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर एजंटमार्फत, उशिरा आणि एका ओळीत येत राहिले. त्यांना मी किती दुखावले हे मला फार उशिरा उमगले आणि त्याचे आजही वाईट वाटते. चहाच्या सुट्टीत त्यांच्या कनिष्ठाकडे योग्य आकड्याचा कागद दिला असता तर दुपारच्या सत्रात त्यांनीच तो दुरुस्त केला असता.

तो ‘हाइ’ही समजून घ्यावा लागतो. शब्दकोशात त्याचा अर्थ ‘होय’ असा आहे, पण संभाषणात तो बऱ्याचदा आपल्या ‘हं, हं’सारखा असतो: ऐकतो आहे, पुढे बोला. ‘केन्तो शिमासु’, म्हणजे ‘विचार करतो’, किंवा ‘मुझुकाशी’, म्हणजे ‘अवघड आहे’, असे उत्तर आले तर तो बहुतेक वेळा नकार असतो. मराठी माणसाला हे शिकायला खरे तर जड जाऊ नये. लग्नाच्या बैठकीत ‘कळवतो’ म्हणून उठलेल्या पाहुण्यांचा अर्थ आपल्याला कोणी समजावून सांगावा लागत नाही.

शांततेची भीती सोडा. आमच्या एका विक्री व्यवस्थापकांनी किंमत सांगितल्यावर समोरचे तिघे जपानी कागदाकडे बघत गप्प बसले. पंखा फिरत होता, बाहेर पाऊस होता, कोणी कपही उचलला नाही. आमच्या माणसाला ते सहन झाले नाही आणि त्यांनी आपण होऊन ३ टक्के सवलत जाहीर केली. समोरच्यांनी ती मागितलीच नव्हती. ते फक्त विचार करत होते.

जपानी निर्णय बैठकीत होत नाही, बैठकीत तो जाहीर होतो. आधी ‘नेमावाशी’ होते. झाड दुसरीकडे लावण्यापूर्वी मुळांभोवतीची माती खणून ती तयार करणे, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. व्यवहारात संबंधित प्रत्येकाशी अगोदर स्वतंत्रपणे बोलून मत जुळवणे. त्यामुळे बैठकीच्या किमान तीन दिवस आधी प्रश्न लेखी पाठवा, त्यांच्यातील कोण काय सांभाळतो हे माहीत करून घ्या, आणि नव्या गोष्टी बैठकीत अचानक काढू नका. निर्णयाला वेळ लागेल. एकदा झाला की अंमलबजावणी झपाट्याने होते, कारण सगळ्यांची संमती आधीच घेतलेली असते. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यावे, घेतलेले वाचावे, लगेच खिशात टाकू नये. एवढे शिष्टाचाराचे पुरे. त्यावर कोणी तुम्हाला पूर्ण दिवसाची कार्यशाळा विकायला आले तर तो दिवस मागच्या सहा महिन्यांच्या चुकलेल्या तारखा तपासण्यात घालवा.

अशा कार्यशाळांत देशांच्या गुणांचे तक्ते दाखवले जातात. त्यांचा उगम डच समाजमानसशास्त्रज्ञ खेर्ट होफस्टेड यांच्या कामात आहे. १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या अनेक देशांतील कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्यांच्या आधारे त्यांनी देशांची तुलना केली. काम मोठे आहे, पण ते आकडे सरासरीचे आहेत आणि ते एकाच कंपनीत नोकरी करणाऱ्यांवरून निघालेले आहेत. समोर बसलेला माणूस कसा वागेल हे त्यावरून ठरवू नये. तुमच्याच आठ जणांत गिरगावातला मुलगा, कोइम्बतूरची मुलगी आणि लखनौचा मुलगा एकसारखे बोलतात का?

वेळेविषयी. जर्मनी आपल्यामागे हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास असते. त्यांची घड्याळे मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. जपान आपल्यापुढे साडेतीन तास आहे. म्हणजे जपानसाठी सकाळ आणि जर्मनीसाठी दुपार मोकळी ठेवली तर तुमच्या माणसांना संध्याकाळी साडेसहानंतर थांबावे लागणार नाही. हे मी आग्रहाने लिहिते आहे, कारण परदेशी वरिष्ठांच्या सोयीची बैठक रात्री आठला ठरते तेव्हा बदलापूरला राहणारी मुलगी घरी किती वाजता पोचते, हे त्यांना कोणी सांगत नाही. सांगितले तर ते वेळ बदलतात. गणपतीच्या सुट्ट्या जानेवारीतच सामाईक कॅलेंडरवर टाका आणि त्यांच्याकडून एप्रिल-मेमधला जपानी ‘गोल्डन वीक’, ऑगस्टच्या मध्यातला ‘ओबोन’ आणि जर्मनांच्या उन्हाळी रजा मागून घ्या. पुढे आखाती काम आले तर अमिरातीत २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी असते आणि सौदी अरेबियात शुक्रवार-शनिवार, एवढे लक्षात ठेवा.

त्या मुलीला या कामातून काढू नका. काढलेत तर ती स्वतःला नापास समजेल, आणि उरलेले सात जण त्यातून शिकतील की ज्याची चूक चव्हाट्यावर येते त्याला हलवले जाते; मग तुमच्याकडे एकही ‘स्टक’ येणार नाही. तिच्याशी स्वतंत्रपणे बोला. गणित चुकले होते हे गोड शब्दांत झाकू नका, कारण ते तिला ठाऊक आहे. तिने आता दुरुस्त केलेले गणित सोमवारी त्या जर्मन गृहस्थांना तिच्याच नावाने पाठवू द्या, आणि फोनवर त्यांना आधी सांगून ठेवा की मंगळवारी पहिला विषय ती मांडणार आहे आणि तिचे बोलणे पूर्ण होईपर्यंत प्रश्न राखून ठेवावेत. कॅमेरा सुरू कर असे तिला सांगू नका. त्या दिवशी तुम्ही तिच्या शेजारच्या खुर्चीत, एकाच पडद्यासमोर बसा.